आजेसासूबाईंचं माहेरचं नाव

अस्वल मीच मारलं, हे आधी सांगून टाकतो.

अस्वल कॉम्प्युटरमधलं होतं. दोन हजार दोन-तीनचा सुमार. ऑफिसातल्या एका मित्राची मेल आली. सगळी अक्षरं मोठी, वाक्यावाक्याला इशारा. तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक फाईल दडून बसली आहे, तिच्यावर छोट्या अस्वलाचं चित्र आहे, तो व्हायरस आहे, ताबडतोब पुसून टाका आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. मी शोधलं. अस्वल खरंच होतं. एवढुसं, गोड, पाहुण्यांबरोबर आलेलं लहान मूल कोपऱ्यात बसावं तसं बसलं होतं. मी ते पुसलं, कचऱ्याचा डबाही रिकामा केला, आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवलं. त्यात माझे साहेब होते, सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि मस्कतला असलेला माझा मेव्हणाही होता.

आठवड्याभरात पेपरात आलं की असा काही व्हायरसच नाही. ते अस्वल कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं, घरचंच. खरी खोडी त्या मेलमध्ये होती. म्हणजे चोर घरात शिरलाच नव्हता. त्यानं खिडकीतून नुसतं सांगितलं की तुमच्या कपाटात चोर आहे, आणि मी हातोडा घेऊन कपाट फोडलं.

"म्हणजे बिचारं आपल्यातलंच होतं," बायको म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

या फजितीनं दुसरा माणूस गप्प बसला असता. मी उलट पेटलो. पेपरात दर आठवड्याला कॉम्प्युटरविषयी एक सदर यायचं, ते कापून ठेवायला लागलो. अनोळखी मेल उघडू नये, सोबत आलेली फाईल तर मुळीच उघडू नये, पासवर्ड वरचेवर बदलावा, तो कुठेही लिहून ठेवू नये, सायबर कॅफेतून उठताना मागचं सगळं पुसून उठावं. वसईतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय संपून पार्किंगचा सुरू व्हायच्या मधल्या फटीत मी उभा राहून हे सगळं सांगितलं. पासवर्ड घरच्या माणसालासुद्धा सांगायचा नाही, असं म्हटल्यावर तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मग आपलं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना कळणार कसं?" सगळे हसले. मीही हसलो. सदरात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

माझ्या विद्यार्थ्यांत मन लावून शिकले ते एकच. माझे सासरे.

सासऱ्यांची वाडी वसईजवळच्या होळी गावात. केळी, अळू, थोडी फुलं आणि एकेकाळी पानवेली. मी मुळात कोकणातला, नोकरीच्या निमित्तानं मुंबईला आलेला आणि मुंबई परवडेना म्हणून वसईत फ्लॅट घेतलेला. लग्न झालं तेव्हा सासरची घरात बोलायची बोली मला निम्मी कळायची. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी; त्यांची मुलं त्यांना दादा म्हणायची. मामा माझ्याशी पेपरातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. परक्या माणसाशी बोलताना वापरायची ती भाषा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या घरात एक अबोला होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वसईत नव्या इमारती उठत होत्या आणि इमारतींना पाणी नव्हतं. टँकर यायचे ते वाड्यांतल्या विहिरींवर भरून. मामांनी आपल्या विहिरीला टँकर लावू दिला नव्हता. एका उन्हाळ्यात ते महिनाभर नाशिककडे बहिणीकडे गेले. वाडी मुलावर सोपवून गेले. मुलगा म्हणजे माझा मेव्हणा. तरुण होता, नोकरी नव्हती, आणि शेजारच्या सगळ्या विहिरींवर पाइप पडलेच होते. त्यानंही लावू दिला. टँकर सकाळ-संध्याकाळ यायला लागला. त्या टँकरचं पाणी ज्या इमारतींना जायचं त्यात आमची सोसायटीही होती, हे मी इथं लपवत नाही. मी त्या पाण्यानं दोनदा आंघोळ करत होतो आणि उन्हाळा किती आहे म्हणत होतो.

मामा परत आले तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. पहिल्यांदा मामींना कळलं, डाळ शिजेना तेव्हा. मग पानवेली पिवळ्या पडल्या. टँकर बंद केला, पण त्यानंतरच्या पावसानंही पाणी पहिल्यासारखं गोड झालं नाही. मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मेव्हणा पुढे म्हणायचा. त्यांनी फक्त मुलाशी बोलणं सोडलं. वर्षभरात तो मस्कतला नोकरी धरून गेला. जाताना आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. मामी त्यावर विणलेलं झाकण घालायच्या आणि दर शुक्रवारी देव्हाऱ्याबरोबर तोही पुसायच्या.

मस्कतहून फोन आला की मामा घेत, आवाज ओळखत आणि रिसीव्हर मामींच्या हातात देत. "तुझा आहे," एवढंच.

एका रविवारी आम्ही होळीला गेलो होतो. जेवणं झाली होती. मामांनी मला पडवीत बोलावलं आणि झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, "जावई, या पेटीतून मस्कतला पत्र जातं म्हणे?"

"जातं की. लगेच जातं."

"आवाज ऐकू येतो का पत्रात?"

"नाही. नुसती अक्षरं."

"मग मला शिकवा," ते म्हणाले.

मी आनंदानं शिकवलं. फोनची वायर लावली, मोडेमचं ते किंचाळणं ऐकून मामी आतून बाहेर आल्या, आणि एका फुकटच्या मेल कंपनीत मी मामांचं खातं उघडायला घेतलं. माझे सगळे नियम सांगितले. सोसायटीत लोक जांभया देत होते, मामा एकेक नियम पुन्हा म्हणून दाखवत होते.

"पासवर्ड कुणाला सांगायचा नाही."

"कुणालाच नाही."

"हिला?"

"मामींनाही नाही."

"तुम्हाला?"

"मलासुद्धा नाही."

"मग तुम्ही माझ्या खांद्यावरून काय बघताय?" मामा म्हणाले. "तिकडे तोंड करा."

मी वाडीकडे तोंड करून उभा राहिलो. आतून मामींचं हसू ऐकू आलं.

पासवर्ड झाल्यावर कंपनीनं एक गुप्त प्रश्न विचारला. पासवर्ड विसरलात तर याच्या उत्तरावर दार उघडेल, असं त्याचं कलम. प्रश्न कंपनीचेच, आपण त्यातला एक निवडायचा. मी एकेक वाचून दाखवला. तुमची पहिली शाळा कोणती?

"गावात शाळा एकच," मामा म्हणाले. "पुढचा."

तुमच्या पाळीव प्राण्याचं नाव?

"त्या कुत्र्याला अख्खी आळी नावानं हाक मारते."

तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?

मामा मोठ्यानं हसले. "आमच्या सोयरिकी चार गावांत. आडनावं किती असतील? कुणीही पोरगं दोन फटक्यांत उघडेल ही पेटी. या परदेशी कंपनीवाल्यांकडे काय सगळ्यांची वेगवेगळी असतात?"

आणि मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "आडनाव नको. आईचं लग्नाआधीचं नाव घालतो. ते आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. जुनं नाव त्या दिवसापुरतं सगळ्यांच्या तोंडात असतं, मग माहेरी उरतं, मग माहेरची म्हातारी माणसं गेली की तिथंही उरत नाही. मामांची आई परकरात असताना या घरात आली आणि मामा शाळेत असतानाच वारली. घरात तिचा फोटोही नव्हता.

"वा मामा," मी म्हणालो, "याच्याइतकं सुरक्षित काही नाही." सदर लिहिणाऱ्यालाही हे सुचलं नसतं, असं मला मनापासून वाटलं होतं.

"तोंड तिकडे," मामा म्हणाले.

पुन्हा मी वाडीकडे बघत उभा राहिलो. मागे त्यांचं एक बोट एकेक अक्षर शोधत होतं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. केळीच्या एका घडाला मामांनी गोणपाट बांधलं होतं, ते मी पाहत होतो. "झालं," ते म्हणाले. मी वळलो. तेव्हा त्यांना विचारायला हवं होतं की मामा, काय होतं हो नाव? कंपनीसाठी नाही, सहज. पण विचारणं म्हणजे माझाच नियम मोडणं, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटली नाही. मला कौतुक कुलपाचं होतं.

त्यानंतर बाप-लेकांचं लिहिणं सुरू झालं. इंग्रजी अक्षरांत मराठी. मेव्हण्यानं पुढे मला त्यातलं काही दाखवलं. मामा लिहायचे: पाऊस बरा आहे. केळीला फूल आलं. आईचे गुडघे ठीक. तो लिहायचा: इथे ऊन फार. जेवण ठीक. विहिरीबद्दल कुणीच काही लिहायचं नाही. हळूहळू मामांच्या मेल लांबत गेल्या. एकदा त्यांनी विचारलं होतं की तिकडे पाणी कुठून येतं. समुद्राचं खारं पाणी गोड करतात, असं त्यानं कळवलं. मामांचं त्यावर एका ओळीचं उत्तर: हे चांगलं आहे.

त्या एका ओळीनं मेव्हण्याला धीर आला. सगळी सुट्टी बसून त्यानं विहिरीबद्दल लिहिलं. टँकर का लावू दिला, बंद करायचं रोज मनात यायचं आणि रोज का केलं नाही, पानवेली पिवळ्या पडल्या तेव्हा तो कुठे लपून बसायचा, आणि माफी. तोंडानं त्याला हे जन्मात सांगता आलं नसतं. बाप गप्प व्हायचा आणि मुलगा अडखळायचा, दोघांची घडणच तशी. त्यानं ती मेल पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसला.

त्याच आठवड्यात मामा वाडीत काम करताना बसले ते उठले नाहीत.

मेव्हणा आला. दिवसवार झाले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर तो पडवीत माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊजी, दादांची मेल उघडता येईल?"

"काय हवंय तुला त्यातलं?"

"काही नको. नुसतं बघायचंय. मी शेवटची पाठवली ती त्यांनी उघडली होती का. न वाचलेली असली की ठळक दिसते ना? वाचलेली साधी. तेवढंच."

त्यानं मग मला त्या मेलमध्ये काय होतं ते सांगितलं. मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, आदल्या दिवशी संध्याकाळी बसले होते की पेटीपुढे. मग उठून विहिरीवर जाऊन बसले."

"मग वाचली असेल?"

"असेल."

"पण त्या दिवशी लाइट गेली होती असं म्हणालीस."

"गेली होती. आधी गेली की नंतर गेली, आता कसं सांगू?"

विहिरीवर मामा तसे रोजच बसायचे. लाइट रोजच जायची. मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला. तो शहाणा, शिकलेला, तिकडे यंत्रांवर काम करणारा माणूस. पण ठळक की साधी, या एका गोष्टीवर त्याचं सगळं येऊन थांबलं होतं, आणि ते बघण्याची खिडकी माझ्या हातानं उघडलेल्या खात्यात होती.

मी कॉम्प्युटर लावला. खरं तर तिथेच पासवर्ड सापडायला हवा होता. त्या काळी घरोघरी कॉम्प्युटर पासवर्ड लक्षात ठेवायचा, मालकानं चौकटीत बरोबरची खूण केली की झालं. मामांनी ती खूण काढून टाकली होती. मी सांगितलं होतं म्हणून. मागचं सगळं पुसलेलं होतं, स्वच्छ, सारवल्यासारखं. कुठे कागद नव्हता, चिठ्ठी नव्हती. इतका चांगला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

उरला गुप्त प्रश्न. पिनकोड विचारला, तो दिला. मग पडद्यावर तो प्रश्न आला आणि खाली रिकामी चौकट.

"आजीचं माहेरचं नाव काय गं आई?" मेव्हण्यानं विचारलं.

मामींनी सासरचं सांगितलं. तो म्हणाला, "ते सासरचं झालं. त्याच्या आधीचं?"

"मी या घरात आले तेव्हा त्या नव्हत्याच. मला कोण सांगणार?"

"दादांनी कधी सांगितलं नाही?"

"तुझे वडील मला बाजारात जातो एवढंही सांगत नसत."

भटजींना विचारलं. ते मामांच्या दिवसांना आले होते, सगळ्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. "पिंडाला सासरचंच नाव लागतं हो," ते म्हणाले. "माहेरच्या नावानं पाणी सोडायचं तर ते पोचणार कुठे?" शेजारच्या वाडीतल्या ख्रिस्ती आजी भेटायला आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आमच्यात बाप्तिस्म्याला ठेवलं की ठेवलं. मातीत जाईपर्यंत तेच. तुम्ही लोक नाव बदलता ते बदलता, वर हरवून पण बसता?" त्यांच्या सासूनं मामांच्या आईला पाहिलं होतं. पण दोघी एकमेकींना वहिनी म्हणायच्या, त्यामुळे तेही संपलं.

मामांच्या आईचं माहेर आगाशीकडे. मी, बायको आणि मेव्हणा रिक्षा करून गेलो. तिथे तिची एक भाची होती. फार म्हातारी, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. आम्ही कशासाठी आलो ते बायकोनं त्यांच्या बोलीत समजावून सांगितलं. कॉम्प्युटर हा भाग तिनं गाळला असावा.

"आम्ही तिला आत्या म्हणायचो," म्हातारी म्हणाली.

"हो, पण नाव?"

"आत्याला नाव कशाला लागतं?"

"तुमचे वडील बहिणीला काय हाक मारायचे?"

"बय म्हणायचे. सगळ्या बहिणींना बयच म्हणायचे." मग तिनं मेव्हण्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्या बापाला माहीत असेल. तो आजारी पडला की ती त्याला मांडीवर घेऊन आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. त्याला विचार."

मग बायकोनं हळूच सांगितलं की दादा गेले, म्हणूनच आम्ही आलोय. म्हातारीला कळवलं होतं, ती विसरली होती. ती पुन्हा नव्यानं रडली, आणि आम्हीही.

त्यानंतर उरले अंदाज. त्या काळच्या मुलींची नावं आम्ही आठवायला बसलो. नद्यांची घातली, देवींची घातली, फुलांची घातली. लागोपाठ काही वेळा चुकलं की कंपनी दिवसभर दार बंद करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मेव्हण्याची रजा संपली, तो मस्कतला गेला, मग रोजचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसातून घरी आलो की हात-पाय धुऊन मी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि एका कधी न पाहिलेल्या मुलीला वेगवेगळ्या नावांनी हाका मारायचो. एखाद वेळेस वाटायचं, आज ओ देईल.

"तुम्ही तिथे उभे होतात ना?" बायकोनं एकदा विचारलं. "किती अक्षरं टाइप केली ते ऐकू आलं असेल."

"मोजली नाहीत."

"का?"

"तोंड तिकडे केलं होतं. मोजणं बरं दिसलं नसतं."

"नको तिथे सभ्य," ती म्हणाली.

परदेशातल्या त्या कंपनीलाही मी लिहिलं. खातेदार वारले आहेत, मुलगा अमुक, जावई तमुक, मृत्यूचा दाखला पाठवू शकतो. उत्तर पटकन आलं. मन हरखलं, उघडलं तर यंत्रानं लिहिलेलं. आमची सेवा वापरल्याबद्दल आभार, आपल्या खात्याच्या सुरक्षिततेसाठी गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यावं. मी त्यांचं उत्तर दोनदा वाचलं. सोसायटीच्या सभेत मी असाच बोलत असेन.

एक काळजी होती, ती मी मेव्हण्याला सांगितली होती. त्या वेळच्या फुकट खात्यांना एक अट असायची. बरेच दिवस मालक आत आला नाही की कंपनी पेटी रिकामी करायची आणि खातं पुसायची. कधी करतील ते नेमकं ठाऊक नव्हतं. मेव्हण्यानं त्यावर स्वतःपुरता उपाय काढला. तो मस्कतहून मामांच्या पत्त्यावर मेल पाठवत राहिला. पत्ता जिवंत असेल तर मेल पोचते, नसेल तर परत येते. मेल परत आली नाही की तो मला फोन करून सांगायचा, "आहे अजून." त्या मेलमध्ये तो काय लिहायचा ते मी विचारलं नाही. पाऊसपाणी लिहीत असावा.

त्या दिवसांत मी माझ्या आईलाही फोन केला. तिचं लग्नाआधीचं नाव मला माहीत होतं, पण खात्री करून घ्यावीशी वाटली. तिनं सांगितलं, आणि मग विचारलं, "का रे, माझं काही दुखणं तुला कळलंय का?" मी म्हटलं, नाही गं, सहज. सहज विचारण्याची सवयच आपल्याला नाही, त्यामुळे ते घाबरवण्यासारखं वाटलं असणार.

मग एका संध्याकाळी फोन आला. आम्ही होळीलाच होतो. मामी आता एकट्या, म्हणून शनिवार-रविवार आम्ही तिकडे जायचो. मेव्हण्याचा आवाज शांत होता.

"भाऊजी, मेल परत आली."

"सर्व्हर बंद असेल. पुन्हा पाठवून बघ."

"तीनदा पाठवली."

मी पडवीतला कॉम्प्युटर लावला आणि मामांचा पत्ता टाकला. असं खातं अस्तित्वात नाही, असं कंपनीनं कळवलं. खाली आणखी एक ओळ होती: हे नाव मोकळं आहे, तुम्हाला घ्यायचं आहे का? आता त्या पत्त्यावर कुणीही येऊन बसू शकत होतं आणि स्वतःचा गुप्त प्रश्न निवडू शकत होतं. मामांनी एका बोटानं लिहिलेलं ते नाव आता कुठेच नव्हतं. आधी ते एका माणसाच्या डोक्यात तरी होतं, मग कुठल्याशा देशातल्या यंत्राच्या पोटात होतं. आगाशीच्या म्हातारीला आठवलं नाही तेव्हा मला वाटलं होतं, निदान कंपनीला तरी माहीत आहे.

मेव्हणा फोनवर होताच. "म्हणजे आता कधीच कळणार नाही," तो म्हणाला. मी म्हणालो, "त्यांनी वाचली असेल रे." तो म्हणाला, "हो, असेल." आम्ही दोघंही एकमेकांशी मामींसारखे बोलत होतो. मग त्यानं फोन ठेवला.

बायको मागे येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं.

"परत फोन लावा त्याला," ती म्हणाली. "त्या मेलची प्रत त्याच्याकडे असेल ना, पाठवलेल्यांत? एवढे दिवस तुम्ही दोघं दादांनी वाचली का, दादांनी वाचली का, करत बसलात. त्या विहिरीवर आईनं जन्म काढलाय. ती आत बसली आहे, चांगली जिवंत आहे. तिला वाचून दाखव म्हणावं."